पाचव्या चौकीतला सुभान

एका राज्यात सीमेवर सात गड होते, गडागडावर शंभर चौक्या होत्या, आणि चौकीतला माणूस कधी मरत नसे. निदान लोक तसं म्हणत. राजा दुर्मर्षणाच्या पदरी कालंजय नावाचा मांत्रिक होता. त्यानं साळुंक्यांना वाचा दिली होती. साळुंकीला गड सांगावा, बुरूज सांगावा, चौकी सांगावी, मग निरोप सांगावा. ती उडून जाई आणि उत्तर घेऊन येई. ठिकाण सांगून धाडलेलं पाखरू आजवर रिकाम्या चोचीनं परतलं नव्हतं.

त्या राज्यात आवडाई नावाची बाई घोंगड्या विणून राहत असे. भाऊ वारलेला, घरात ती आणि तिची भावजय गिरिजा, दोघीच. गिरिजेचा एकुलता एक मुलगा सुभान तिसऱ्या गडावर, पूर्वेच्या बुरजात, पाचव्या चौकीत होता. दर महिन्याला गिरिजा निरोप धाडी, आणि साळुंकी अंगणात उतरून सांगे, "आई, मी खुशाल. आत्याबाई, तुम्हांस नमस्कार."

ते 'आत्याबाई' आवडाईच्या काळजात रुतून बसलं. पोरानं जन्मात तिला 'आत्ती' सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

"वहिनी, हा आपला सुभान नव्हे."

"उत्तर येतं ना? मग तोंड मिटा," गिरिजा म्हणाली, आणि तिथून उठून गेली.

आवडाईनं साळुंकीला विचारलं, "तू त्याला पाहिलंस?"

"मला माणूस ठाऊक नाही," साळुंकी म्हणाली. "मला जागा ठाऊक."

तेव्हा आवडाईनं सहा घोंगड्या पाठीवर बांधल्या आणि ती निघाली. एकोणीस दिवस चालली. पहारेकऱ्यांना घोंगड्या देत देत ती पाचव्या चौकीच्या दारात पोचली. आत एक परका तरुण बसला होता.

"तू कोण?"

"सुभान."

"आपल्या घरापुढं झाड कसलं?"

"उंबराचं."

"तुझ्या आईच्या म्हशीचं नाव?"

"कवडी."

दोन्ही उत्तरं बरोबर होती. पण दोन्ही गोष्टी निरोपांत येऊन गेल्या होत्या, आणि त्या जागेनं जे जे ऐकलं ते ते तिथं बसणाऱ्याच्या जिभेवर येत असे, आणि त्याचं स्वतःचं नाव पुसलं जात असे. आवडाईनं तिसरा प्रश्न असा विचारला की जो कुठल्याच पाखराच्या कानी पडला नव्हता. "तुझा बाप गेला त्या दिवशी माझ्या ओच्यात तोंड खुपसून तू काय म्हणालास?"

तरुणाला रडू फुटलं. "बाई, मी सुभान नसेन, तर मी कोण?"

त्याच्या खांद्यावरची साळुंकी म्हणाली, "ठिकाण न सांगता, नुसत्या नावानं हाक घालणारेही असतात. तो माणूस सापडला नाही, तर त्यांची पाखरं गडाखालच्या दरीत पडतात. तिथं ऐका."

दोघं दरीत उतरली. दगडादगडावर साळुंक्या बसल्या होत्या, पिसं झडलेल्या, आणि जी ती आपापला निरोप पुन्हा पुन्हा सांगत होती. तीन दिवस दोघं ऐकत हिंडली. तिसऱ्या दिवशी एका थकल्या पाखराच्या चोचीतून म्हातारीचा आवाज आला, "बिरजा, तुला शिपायांनी कुठं नेलं रे? मला कुणी सांगत नाही."

तरुण जागच्या जागी खाली बसला. "माझी आई," तो म्हणाला. "मी बिरजा." आणि त्याला सगळं आठवलं.

आवडाईनं विचारलं, "तुला आणलं तेव्हा त्या चौकीत कोण होता?"

"दोन वर्षं झाली त्याला. एक जखमी होता. घोंगडीवर निजला होता. त्यानं पाणी मागितलं. जमादार म्हणाला, नको, आता हा आलाय." बिरजानं मान खाली घातली. "मीच त्याचे पाय धरले, बाई. इथंच टाकला."

आवडाईला घोंगडीचा तुकडा सापडला. वीण तिचीच होती. तिनं हाडं गोळा केली, अग्नी दिला, आणि बिरजाला घेऊन राजाकडं गेली.

राजानं ऐकून घेतलं. म्हणाला, "चौक्या भरलेल्या आहेत. राजाला आणखी काय हवं?"

"महाराज, युवराज कुठं असतात?"

"सातव्या गडावर, मुख्य बुरजात. कालच खुशालीचं उत्तर आलं."

"त्यांना असं काही विचारा, जे पाखरानं कधी नेलं नसेल."

कालंजय पुढं झाला. "महाराज, विचारू नका. एक पाखरू जरी रिकाम्या चोचीनं परतलं, तरी चौक्यांवरची माझी विद्या मोडेल."

राजानं साळुंकी जवळ घेतली. "विचार, लहानपणी माझा मुकुट त्यानं कुठं लपवला होता?"

साळुंकी सकाळी गेली, दुपार कलताना आली. राजाच्या मांडीवर बसली. चोच उघडली नाही.

त्याच क्षणी सातही गडांवर माणसं चौक्यांतून उठली आणि एकमेकांना आपापली नावं सांगू लागली. कालंजयाची जीभ तांब्याची झाली. आणि राज्यात घरोघर, कितीएक वर्षांचा राहिलेला आक्रोश एकदम उठला. राजवाड्यातही उठला.

राजानं आज्ञा केली: यापुढं साळुंकीला जागा सांगावी आणि माणूसही सांगावा. जागेवर तो माणूस नसेल, तर तिनं परतून तसंच सांगावं, मग ते राजाचं घर असो.

आवडाईनं मात्र घरी पाखरू धाडलं नाही. ती चालत गेली. बिरजाची वाट त्याच गावावरून जात होती; तो मागून आला.

"वहिनी, आपला सुभान दोन वर्षांमागंच गेला."

गिरिजा रडली नाही. "मग दोन वर्षं मी कुणाला सांगत होते, नीट जेव, थंडीत कानाला बांध? ते सगळं कुठं गेलं?"

बिरजा कुंपणाशी उभा होता. तो पुढं आला आणि त्यानं हात जोडले.

"मला पोचलं, आई," तो म्हणाला. "सगळं पोचलं."