गोंदा माळणीच्या तीन पेरण्या

एका राज्यात एक लांबरुंद कातळसडा, म्हणजे उघड्या खडकाचे पठार, होता आणि पावसाळ्यात त्यावर आमरीची पांढरी फुले उमलत. एके वर्षी राजाच्या मनात आले, राणीची शेज या फुलांनी सजवावी. राजमाळी राणू हुकमाचा ताबेदार. त्याने सडाभरची फुले खुडली, बियांसाठी एकही मागे ठेवले नाही. सड्याचा राखणदार मोठा मांत्रिक होता. त्याने शाप दिला आणि राणूच्या बोटांचा काळा कातळ झाला. हुकूम राजाचा, शाप माळ्याला; राज्ये अशीच चालतात.

राणूची बायको गोंदा राखणदाराच्या पाया पडली. त्याने गतसालचे एक सुकलेले बोंड तिच्या पदरात टाकले. म्हणाला, "यातल्या बियांपासून फूल उमलव, म्हणजे शाप उतरू लागेल. तीन पेरण्यांपुरतं बी आहे. पेरणी फुकट गेली की कातळ वर चढेल. तिसरीला काळजाला भिडेल."

गोंदाने बोंड फोडले. आत बी कसले, नुसती धूळ. एक शिंक आली असती तर नवऱ्याचे आयुष्यच उडून गेले असते.

बापजाद्यांच्या रीतीने तिने आधी राब भाजला. वाफ्यावर गोवऱ्या, फांद्या, पालापाचोळा रचून माती खरपूस जाळली आणि मग बी पेरले. भात अशाच मातीत जोमाने येते. आमरी मात्र उगवली नाही. कातळ राणूच्या कोपरापर्यंत आला. माती कच्ची राहिली असेल, असे वाटून दुसऱ्या खेपेला गोंदाने राब दोनदा भाजला. कातळ खांद्याला भिडला.

तेव्हा ती घाबरली आणि घाबरता घाबरता विचार करू लागली. राजाच्या रत्नपारख्याकडून तिने स्फटिकाचे भिंग मागून आणले व बी पाहिले. भाताच्या दाण्यात तांदूळ असतो, चिंचोक्यात गर असतो. या बियात पोटाला काहीच नव्हते. मग हे उगवताना खाते काय? तिने धावत येऊन राणूला विचारले. तोही हाडाचा माळी. दुखणे विसरून तो विचारात पडला.

उत्तर शोधत गोंदा सड्यावर गेली. तिथे एक टिटवी उघड्या भुईवर अंडी उबवत बसली होती. गोंदाने तिला विचारले आणि टिटवीने सांगितले, "आमरीच्या जुन्या मुळाशी माती उकर."

गोंदाने उकरले. मातीत कापसाहून बारीक पांढरे धागे पसरलेले होते.

"ही बुरशी बियाला भरवते," टिटवी म्हणाली. "तू तिलाच भाजलंस."

गोंदाने कपाळावर हात मारला. उरलेले बी तिने तिथेच, त्या जुन्या मुळाशी, कच्च्या मातीत पेरले. हे कळताच राजा गोवऱ्यांच्या गाड्या घेऊन आला. न भाजता पेरणी म्हणजे त्याला अनाचार वाटला. गोंदा पेरलेल्या जागेपुढे आडवी पडली. राजाला आजवर कोणी अडवले नव्हते, त्यामुळे पुढे काय करायचे ते त्याला सुचेना. तो परत गेला.

पहिल्या पावसाळ्यात मातीखाली मोहरीएवढा एक गोळा धरला. दुसऱ्या वर्षी एक पान आले. कातळ खांद्याशी थांबला होता, हटला मात्र नव्हता. गोंदा रोज राणूला घास भरवी आणि रोज सड्यावर जाऊन येई. तिसऱ्या पावसाळ्यात फूल उमलले.

राणूचे खांदे सुटले. कोपरे सुटली. मनगटाशी येऊन शाप अडला.

राजा धावत आला. एवढे देखणे फूल त्याने कधी पाहिले नव्हते. शेजेवरची त्याने नीट पाहिलीच कुठे होती? तो म्हणाला, "राणू, काढ ते. राणीला नेऊ."

राणूने आपल्या दगडी बोटांकडे पाहिले, मग गोंदाकडे. राजाला नाही म्हणायला त्याची जीभ कधी वळली नव्हती.

"नाही, महाराज," तो म्हणाला. "राणीसाहेबांना इथं आणा."

राजाने राणीसाठी मेणा पाठवला. राणी आली, अनवाणी ओणवी होऊन तिने फूल पाहिले आणि उठताना राजालाही खाली वाकायला लावले. त्या दिवसापासून सड्यावर खुडणे बंद झाले, आग बंद झाली.

राणूची बोटे एकेक करून सुटत होती. तिकडे कोणाचेच लक्ष नव्हते. सुटल्या हाताने त्याने गोंदाचा मातीने भरलेला हात धरला, तेव्हा तीन वर्षे न रडलेली ती बाई भर सड्यावर रडली. गोंदाला तिचे माणूस मिळाले, तसे ज्याचे त्याला मिळो.