सुटलेले पथ्य

पूर्वी चंपा नगरात राजा दीर्घबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका बुरुडाच्या घरी थोरला मुलगा होऊन जन्मला. त्याचे नाव वेणुक. वडील लवकर गेले. आई उत्पला हिने सुपे-टोपल्या विणून वेणुकाला आणि धाकट्या नंदिकाला वाढवले.

मुले कर्ती झाली आणि उत्पलेच्या पोटात गाठ आली. नगरातल्या वृद्ध वैद्याने काढे सुरू केले आणि पथ्य सांगितले. मीठ नाही, आंबट नाही, अंगाला वारा लागू द्यायचा नाही. नंदिकाने हे पथ्य असे काही सांभाळले, की शेजारणीने मायेने आणलेली चिंचेची चटणीसुद्धा तो दारातूनच परत पाठवी. उत्पला हसून म्हणे, "सासू गेली, सुटले म्हटलं, तर तिच्या जागी हा येऊन बसला." पण वाटीतला कडू काढा ती शेवटच्या थेंबापर्यंत घेई.

पावसाळ्यात गाठ ओसरली. थंडीत ती पुन्हा वाढू लागली. वैद्याने काढे बदलले, लेप बदलले, पण गाठ कशालाच जुमानेना. एका सकाळी त्याने बराच वेळ पोट चाचपले, हात धुतले आणि अंगणात येऊन नंदिकाला सांगितले, "आता पथ्य नको. आई जे मागेल ते द्या." समोर ठेवलेले पाणीही न घेता तो निघून गेला.

नंदिकाचा आनंद पोटात मावेना. माणूस बरा झाला की पथ्य सुटते, एवढेच त्याने आजवर पाहिले होते. त्याने आळीत घरोघर जाऊन सांगितले. बायका झाकलेल्या वाट्या घेऊन आल्या. उत्पलेने सगळ्यांची विचारपूस केली, पण दमले आहे म्हणून खाल्ले मात्र काहीच नाही.

बोधिसत्त्व दुपारी बांबूची मोळी घेऊन परतला, तर लोक वाटेतच त्याला शाबासकी देऊ लागले. वैद्याचे शब्द त्याला कळले आणि त्यांचा अर्थही कळला. तो गप्प राहिला असता तर कोणी त्याला बोल लावला नसता. त्याने नंदिकाला बांबूच्या राशीमागे नेले.

"वैद्यांनी नुसतं पथ्य सोडलं नाही रे," तो म्हणाला. "त्यांनी औषध सोडलं."

 नंदिकाचा आवाज चढला. हिमालयाच्या पायथ्याशी एक तपस्वी अशा गाठींवर मुळी देतो, असे त्याच्या कानावर आले होते.

"मी आईला गाडीत घालून तिकडे नेतो."

"वाटेतच जाईल ती."

"मग एकटा जातो. मुळी घेऊन येतो."

"तू येशील तेव्हा मुळी असेल. आई नसेल."

"तुला ती जड झाली आहे, दादा."

हे शब्द आळीने ऐकले. मघाशी शाबासकी देणारी तोंडे आता थोरल्याला दगड म्हणू लागली. मान हलवून 'जा' म्हटले असते, तर त्याचे नाव चांगले राहिले असते. बोधिसत्त्वाला ते बोलणे लागले, फार लागले, तरी त्याने भावाचा हात सोडला नाही. "आपण दोघंच तिचं सगळं ठरवतोय," तो म्हणाला. "तिला एकदा विचारू या."

उत्पलेने दोघांचे ऐकून घेतले. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पोट माझंच आहे ना."

"मग काढा का घेत होतीस?" नंदिकाने विचारले.

"वाटी रिकामी झाली की तुझं तोंड उजळायचं, म्हणून."

"आई, मी मुळी आणायला जाऊ?"

"तू गेलास तर मला अंगणात कोण उचलून नेईल? किती दिवसांत वारा अंगावर घेतला नाही. आणि जरा आंबील दे. मीठ घालून."

नंदिकाने मिठाचे मडके उघडले, पण त्याची बोटे आत जाईनात. चिमूटभर मीठ घालणे म्हणजे आईला जाऊ देणे, हे त्याला तेव्हा उमगले आणि तो रडू लागला. बोधिसत्त्वाने मीठ स्वतः घातले नाही. तो मडके धरून उभा राहिला. अखेर नंदिकाने चिमूट टाकली. उत्पलेने एक घोट घेतला.

"अजून घाल," ती म्हणाली.

त्यानंतर बोधिसत्त्व वैद्याकडे गेला. गाठीसाठी त्याने काही मागितले नाही. फक्त कळा शमवणारे औषध मागून आणले. उत्पलेचे दिवस अंगणात जाऊ लागले. मुलगे कामट्या सोलत, विणत, आणि ती पडल्या पडल्या त्यांच्या विणीला नावे ठेवी. कळ आली की नंदिक आता 'बरं वाटेल' म्हणत नसे, 'मी आहे' म्हणे. पळस फुलले तेव्हा एका सकाळी त्याच्या मांडीवर डोके ठेवून ती गेली.

एवढे सांगून शास्ते भगवान सभेला म्हणाले, "तेव्हाची उत्पला म्हणजे पुढे बसलेली ही उपासिका क्षेमा. वेणुक मीच होतो. आणि नंदिक म्हणजे भिक्खू उत्तिय. गावी अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध पित्यासाठी मुळ्या शोधत तो जनपदे पालथी घालतो आहे आणि आजच येथे पोचला आहे. वेणुकाने पाळली ती उपेक्षा पारमी, बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायच्या गुणांपैकी एक. टाकून देण्याला लोक उपेक्षा म्हणतात. धम्मात मात्र, जे टळणार नाही ते स्थिर मनाने पाहत आपल्या माणसाजवळ राहणे, याला उपेक्षा म्हणतात."

शास्ते बोलत असताना सभेतून उठण्याची रीत नव्हती. उत्तिय उठला. त्याला कोणी थांबवले नाही. मुळ्यांची झोळी तिथेच ठेवून त्याने बापाच्या गावाची वाट धरली.