मांजराचं पहिलं टोक

चीनमधल्या सूचौ नगरात रेशमी भरतकामाचा एक कारखाना होता. तिथल्या बायका एका धाग्याचे सोळा पदर काढून असं चित्र भरायच्या, की कापड उलटलं तरी तेच दिसावं. तिथे नवा अधिकारी आला, तो तोऱ्यातच. कोपऱ्यात बसलेली, दृष्टी गेलेली शेनआजी त्याच्या डोळ्यांत खुपली.

“हिचा एक टाका मला कुठे दिसत नाही. उद्यापासून हिला घरी बसवा.”

बायकांनी माना खाली घातल्या. त्यांच्यातली लानयिंग मात्र उठली. सुई धरायला तिला, इथल्या सगळ्यांनाच, याच आजीने शिकवलं होतं. तिने नुकतंच कापडावर भरून झालेलं मांजर अधिकाऱ्यापुढे धरलं.

“सरकार, यातल्या धाग्याचं पहिलं टोक दाखवा. सापडलं, तर मीच आजीला घरी पोचवून येईन.”

अधिकाऱ्याने मांजर उलटंपालटं केलं, उजेडात धरलं, भिंग मागवलं.

“यात टोकच नाही,” तो वैतागला.

“आहे, सरकार. आम्ही गाठ मारत नाही, पहिलं टोक पुढच्या टाक्यांखाली दडवतो. ते दिसत नाही, पण उपसलं तर सगळं मांजर उसवतं. या खोलीतल्या आम्ही वीसजणी म्हणजे आजीच्या पुढचे टाके.”

अधिकाऱ्याने मांजर अलगद लानयिंगच्या हातात परत दिलं. मग त्याने आजीचं आसन खिडकीपाशी, उन्हात मांडायला सांगितलं.

आजीने मांजरावरून बोट फिरवलं. “लानयिंग, मिशी अजून बारीक हवी होती गं.”

लानयिंगने हसतहसत मिशी उसवायला घेतली.