काशाच्या वाटीवर येणारी पाखरं

फार पूर्वी वेत्रवती नदीच्या काठी एक नगर होते. तिथे वीरसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने कापसाचा व्यापार करणाऱ्या एका घरात जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. वडिलांमागे त्याने पेढी सांभाळली, कुणाला माप कमी दिले नाही आणि कुमुदा नावाच्या मुलीशी संसार थाटला. ही कथा खरे तर कुमुदेचीच आहे. बोधिसत्त्वाच्या कथेत त्याच्या बायकोला कोण विचारतो, असे म्हणाल. पण ऐका तर खरे!

कुमुदेला मूलबाळ नव्हते. सोमिल सकाळी पेढीवर जाई तो दिवे लागल्यावर परते. घरामागे मोठी परसबाग होती. तिथे एक जुनी बोर, चार केळी, वांग्या-मुळ्याचे वाफे आणि मेंदीचे कुंपण. मार्गशीर्ष लागला, पहाटे धुके उतरू लागले, की उत्तरेच्या डोंगरांपलीकडून पाखरे या बागेत येत. शेपूट वरखाली हलवीत वाफ्यांतून तुरुतुरु धावणारे परीट, थंडी भरल्यागत सदा थरथरणारा तांबड्या शेपटीचा थिरथिरा आणि सकाळभर भांडणाऱ्या गुलाबी भोरड्या. कुमुदा ओसरीवर शाल पांघरून बसे आणि पाहत राही. पाहता पाहता तिचा चुलीवरचा भात कितीदा करपला, त्याला गणती नाही.

पहिल्या हिवाळ्यात पाखरे तिला बिचकत. मग ती भाताची शिते आणि चिरलेली बोरे घेऊन रोज थोडी पुढे सरकू लागली. खाणे ठेवले की काशाची वाटी दगडावर वाजवायची आणि हलायचे नाही, एवढाच तिचा नेम. शेजारणी नाक मुरडत. "बाई, माणसांना बोलाव की जेवायला!" असे म्हणत. कुमुदा हसून सोडून देई. काही वर्षांत असे झाले, की वाटी वाजताच बोरीवरून, कुंपणातून, छपरावरून पाखरे उतरत आणि तिच्या तळहातावर बसून खात. थिरथिरा तर तिच्या अंगठ्यावर बसे. त्याच्या नखांची बारीक टोच जाणवली की तिचा ऊर भरून येई. संध्याकाळी नवऱ्याला ती आधी पाखरांची खबर सांगे, मग घरातली. सोमिलही जोडे काढता काढता विचारी, "काय म्हणतात तुझे पाहुणे?"

ही बातमी फिरत फिरत राजवाड्यात पोचली. राजाने राणीसाठी सोनेरी गजांचे एक पक्षिघर बांधून घेतले होते, पण त्यात घालायला धडधाकट पाखरे मिळत नव्हती. फाशात सापडलेले पाखरू पंख तरी मोडून घेई, नाही तर धास्तीने मरे. तेव्हा राजाने धूमक नावाच्या आपल्या सेवकाला सोमिलाच्या घरी पाठवले. पाखरे धरण्यात या धूमकाचा हात धरणारा कुणी नव्हता.

धूमक आला तेव्हा सोमिल घरीच होता. धूमकाने बाग पाहिली, कुमुदेचे कौतुक केले आणि गोड आवाजात म्हणाला, "वहिनी, ती वाटी जरा मला देता का? गंमत पाहू."

कुमुदेने दिली. धूमक कुंपणाजवळ जाऊन बसला आणि त्याने वाटी दगडावर वाजवली. पाखरे भर्रकन उतरली. परीट त्याच्या पायांशी आले, थिरथिरा त्याच्या अंगठ्यावर बसला. "अगं बाई!" म्हणून कुमुदेने टाळ्या पिटल्या. एवढे शहाणे केले आपण यांना, म्हणून तिला कोण अभिमान वाटला! सोमिलाचा चेहरा मात्र उतरला.

जाताना धूमकाने सगळे उघड सांगितले. "परवा सकाळी महाराज स्वतः येतील. बागेत जाळे पसरू, वर दाणे टाकू. वहिनींनी फक्त वाटी वाजवायची. पिसालाही धक्का लागणार नाही. आणि श्रेष्ठी, नगरश्रेष्ठीचे पद सध्या रिकामे आहे, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको."

तो गेला आणि कुमुदेने वाटी उराशी धरली. "मी नाही वाजवणार वाटी! काय करतील? मारतील मला?"

"तू नाही वाजवलीस तर तो वाजवील," सोमिल म्हणाला. "आत्ता पाहिलेस ना? पाखरं तुला ओळखत नाहीत, कुमुदे. ती वाटीला ओळखतात. वाटी वाजवणारा प्रत्येक जण आपला, असं आपण त्यांना शिकवलं."

कुमुदेला ते झोंबले. "म्हणजे माझंच चुकलं?"

"चुकलं असं नाही. तू जीव लावलास. पण त्यांना भीती ठाऊक होती, ती आपण काढून घेतली. ती परत द्यायला हवी."

त्याच्या मनात काय आहे ते तिला कळले आणि ती ताडकन उठली. ती रडली, त्याला बोल बोल बोलली, तुम्हाला दगडाचं काळीज आहे म्हणाली. सोमिलाने सगळे ऐकून घेतले. शेवटी तो एवढेच म्हणाला, "तू नको करूस. मी करीन. पाप लागलं तर मला लागू दे."

दुसऱ्या दिवशी ऊन बागेत आल्यावर सोमिलाने दगडावर वाटी वाजवली. पाखरे उतरली. त्याच क्षणी तो मोठ्याने ओरडला आणि हातातली गोफण फिरवू लागला. मातीची ढेकळे पाखरांच्या आजूबाजूला फटाफट फुटली. एकाही पाखराला लागू नये एवढी खबरदारी त्याने घेतली होती, पण पाखरांना ते काय ठाऊक! बागेत एकच कालवा झाला. भोरड्या किंचाळत नदीकडे गेल्या. परीट कुंपण ओलांडून दिसेनासे झाले. सोमिलाने पुन्हा वाटी वाजवली. काही परतली. पुन्हा गोफण फिरली. असे तो करीत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. कुमुदा ओसरीवर तोंडात पदर कोंबून उभी होती.

शेवटी बाग रिकामी झाली. एक थिरथिरा तेवढा राहिला. तो गेला नाही. भेदरून भिरभिरला आणि सरळ ओसरीवर येऊन कुमुदेच्या पायांशी शालीच्या पदराखाली शिरला. बाहेर संकट आले, म्हणून आपल्या माणसाकडे आला होता तो!

सोमिल जागच्या जागी थांबला. त्याने गोफण खाली ठेवली आणि बायकोकडे पाहिले.

कुमुदेला वाटले, एवढा एक ठेवावा. घरात लपवावा, दार लावून घ्यावे. कुणाला कळणार आहे? थिरथिऱ्याचे अंग तिच्या पावलाला लागून थरथरत होते. पण हा राहिला तर उद्या पुन्हा अंगठ्यावर येईल. आणि अंगठा धूमकाचा असेल.

तिने शाल झटकली. पाय जोराने आपटला. "जा!" ती ओरडली. "चालता हो! माझ्याकडे येऊ नकोस!" पाखरू हातभर उडाले आणि ओसरीच्या कडेवर बसून तिच्याकडे पाहू लागले. मग कुमुदेने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर हात उगारला आणि ती वेड्यासारखी त्याच्या अंगावर धावून गेली. थिरथिरा उडाला, बोरीवरून गेला आणि पुढे कुठेच थांबला नाही. कुमुदा तिथेच मटकन बसली. सोमिल येऊन शेजारी बसला. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

ठरल्याप्रमाणे राजा आला. जाळे पसरले, दाणे पडले. धूमकाने वाटी वाजवली. पुन्हा वाजवली. कुंपणातले पानही हलले नाही. धूमकाचे तोंड एवढेसे झाले आणि राजा संतापला. "सोमिला, हा काय खेळ आहे?"

सोमिलाने हात जोडून काहीही न लपवता सगळे सांगितले.

"मूर्खा," राजा म्हणाला, "पद गेलं. बागही ओस पडली. यात तुला मिळालं काय?"

"मला काही नाही मिळालं, महाराज. त्यांना त्यांची भीती परत मिळाली. माझी माया त्यांना किती दिवस पुरणार होती? मी काय जन्मभर त्यांच्यामागे फिरणार होतो?"

राजा निघून गेला. नगरश्रेष्ठीचे पद दुसऱ्याला मिळाले. गावाने सोमिलाला नावे ठेवली. पाखरांवर गोफण चालवणारा म्हणून पोरेसोरेही त्याला चिडवीत. त्याने कुणाला समजावत बसायचे नाही असे ठरवले होते आणि ते पाळलेही.

पुढचा मार्गशीर्ष आला. एका सकाळी सोमिल आत असताना कुमुदा ओसरीवरून हलकेच म्हणाली, "अहो, आलीत." मेंदीच्या कुंपणापलीकडे, दूर नदीच्या वाळूत, परीट धावत होते. एका काठीवर तांबडी शेपटी थरथरत होती. कुमुदेला राहवले नाही. नकळत तिने तळहात पुढे केला. तेवढ्या हालचालीने सारी पाखरे फडफडून नदीपार झाली.

"काय झालं?" सोमिलाने आतून विचारले.

"उडाली," ती म्हणाली. "मला पाहून उडाली." आणि बोलताना ती रडतही होती, हसतही होती. "किती लांबून उडाली हो!"

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या भिक्षूंकडे वळले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा आज या सभेत पुढे बसलेला भिक्षू भद्दिल आहे. त्याला प्रत्येक सुंदर वस्तू अजूनही आपल्या कुटीत हवी असते. धूमक हा आपल्या विहाराचा द्वारपाल. कुमुदा म्हणजे भिक्षुणी सुव्रता. हिने जिला लहानाची मोठी केली ती शिष्या आज सकाळी निघताना हिच्या गळ्यात पडली, तेव्हा हिने तिचे हात सोडवले आणि तिला दूरच्या विहारात एकटीला धाडले. आणि सोमिल म्हणजे मीच."

शेवटच्या रांगेत सुव्रता मान खाली घालून बसली होती. तिच्याकडे पाहून शास्ते म्हणाले, "ज्याचे भले व्हावे म्हणून आपण त्याला परके होतो, त्याच्यावरची माया खोटी नसते. तिलाच मैत्री पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला पोचलेली मैत्री, म्हणतात."