नवीकोरी सीट

पेट्रोल स्वस्त होतं, त्या काळची गोष्ट. श्रीपतराव कुलथ्यांनी नवी गाडी घेतली. सीटवरचं प्लॅस्टिक त्यांनी काही काढलं नाही. उलट घामाघूम होत, हुक अडकवत, इलॅस्टिक ताणत त्यावर स्वतःच्या हातानं कव्हर चढवलं. कव्हर मळू नये म्हणून वर जुना टॉवेल अंथरला. "वस्तू जपली की टिकते," ते बायकोला म्हणाले.

आत सीट गुदमरली. "अरे, मलाही माणूस कळू द्या की!"

"गप गं! आम्ही आहोत म्हणून तू नवी आहेस," प्लॅस्टिक करकरलं.

वर्षं गेली. टॉवेल नातवंडांनी सांडलेला उसाचा रस प्यायला, उन्हातान्हाचा घाम टिपून विटला. लेकीला सासरी सोडून येताना श्रीपतरावांनी त्याच्याच टोकाला डोळे पुसले.

पुढे श्रीपतराव थकले, गाडी विकली गेली. नव्या मालकानं सगळं ओरबाडून काढलं आणि तो हरखला. "अरे वा, सीट तर नवीकोरी!"

सीटला त्या कौतुकाचं काहीच वाटलं नाही. खाली फेकलेल्या टॉवेलला तिनं हळूच विचारलं,

"दादा, इतकी वर्षं ते माझ्यावर बसले. कसे होते रे?"