एक पाटी वाळू

एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे वाळूचा चिंचोळा दांडा. त्या दांड्यावर कोळ्यांचं एक गाव होतं. घरं साठ, विहीर एक. चहूकडे खारं पाणी, पण त्या विहिरीचं पाणी गोड. विहीर आणि समुद्र यांच्यामधे उभी होती फक्त वाळूची एक टेकडी.

टेकडी राखण्याची गावाची एक रीत होती. होडी खाडीत किनाऱ्याला लागली, की मासळीला हात लावण्याआधी तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, एक पाटी वाळू स्वतःच्या डोक्यावरून टेकडीवर नेऊन टाकायची. वारा जेवढी उडवून नेई, तेवढी या पाट्या भरून काढत.

जोमा तांडेल गावात सगळ्यांत हुशार. होडी मोठी, हात सढळ, लोक त्याच्याकडे बघून पाऊल टाकत. एकदा त्याची होडी सुरमईने काठोकाठ भरून आली. ऊन चढत होतं, मासळी नरम पडायची भीती. तो तडक बाजाराकडे निघाला.

टेकडीवर वाळू धरून ठेवणारे वेल लावत बसलेल्या म्हाताऱ्या पदीआत्येने हाक मारली, "जोमा, पाटी?"

"उद्या दोन टाकीन, आत्या! समुद्र काय आजच येतोय जेवायला?"

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी त्याने एकही टाकली नाही. कुठल्याही दुकानदाराला विचारा, एका गिऱ्हाइकाला सूट दिली की दुसरं ती हक्काने मागतं. महिन्याभरात दुसऱ्या तांडेलांच्या पाट्याही घरात उपड्या पडल्या.

दोन वर्षांत टेकडी मधोमध खचून खिंड पडली. जोमाने त्यातही सोय शोधली. दांड्याला वळसा घालायला अर्धा दिवस जाई. तो ओंडक्यांवरून होडी ओढत खिंडीतून थेट खाडीत उतरू लागला. त्याच्यामागून सगळे. गावाची मासळी सगळ्यांआधी बाजारात पोचू लागली, आणि लोक म्हणाले, डोकं असावं तर जोमासारखं.

पावसाळ्याच्या तोंडावर पदीआत्या त्याच्या दारात आली. "खिंड बुजव, पोरा. आठ दिवसांचं काम. तू पाटी उचललीस तर गाव उचलेल."

मागच्या उधाणात वाळू विहिरीपर्यंत ओली झालेली जोमाने स्वतः पाहिली होती. तो कुणाला बोलला नव्हता. आताही नाही बोलला.

"आता बुजवायची, मग पावसाळा सरल्यावर पुन्हा कोण खणणार? म्हातारपणी भित्री झालीस तू."

"मला पोहता येतं रे. विहिरीला येत नाही."

श्रावणातल्या अवसेला उधाण आलं आणि त्यावर वादळ. भर दुपारी समुद्र खिंडीत शिरला. होड्या ओढून ओढून वाट गुळगुळीत झालेलीच होती. त्याच वाटेने तो थेट खाडीत उतरला. जाताना बावीस घरं घेऊन गेला. विहिरीवर फळ्या टाकायला धावलेल्या पदीआत्येचं प्रेत तिसऱ्या दिवशी खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत सापडलं.

जोमाने विहिरीतून घागर काढली, एक घोट घेतला आणि थुंकला. भोवती अख्खं गाव उभं होतं.

बायकांनी महिनाभर पाणी उपसलं. खारटपणा हटेना. घरं पुन्हा उभी राहिली असती, पण तहानेवर कुणाचा इलाज? एकेक कुटुंब होडीत बसून नातलगांच्या गावी निघून गेलं.

शेवटची होडी निघाली तेव्हा जोमा डोक्यावर पाटी घेऊन पाण्याच्या काठाशी उभा होता. खिंड आता खाडीएवढी रुंद झाली होती. त्याने वाळू ओतली. लाट आली, घेऊन गेली.

होडीतून एक म्हातारा ओरडला, "अरे जोमा, आता कुणासाठी?"

जोमा दुसरी पाटी भरायला वळला होता. "त्या दिवशी आत्येला दोन सांगितल्या होत्या," तो म्हणाला.

तात्पर्य: सगळ्यांनी रोज थोडं थोडं करून जे राखायचं असतं, त्यातून म्होरक्याने एक दिवस अंग काढून घेतलं की गाव त्याच्यामागून जातं, आणि वेळ टळल्यावर केलेले कष्ट गेलेलं परत आणत नाहीत.