पोट गुरगुरण्यास मनाई

त्या राज्यात अन्न भरपूर होते आणि न्यायही होता; दोघांची गाठ मात्र कधी पडत नसे. न्यायसभेचा नियम साधा होता. आत कोणाचे पोट गुरगुरले, तर तो सभेचा अवमान. अशाला दोन रेडे उचलून बाहेर पायऱ्यांवर नेऊन ठेवीत. त्यामुळे भुकेच्या तक्रारी नेहमी पोटभर जेवलेलेच मांडीत, आणि निकाल झटपट लागत.

ओढ्याकाठच्या बिळांचा धान्याचा वाटा तीन हंगाम बंद होता. तेथे सगुणा नावाची खार राहत असे. गेली अकरा वर्षे ती बागांतले गळलेले, उरलेले गोळा करी आणि रांधून बिळोबिळी वाटी. कोणाला दात नाहीत, कोण चारचौघांत हात पसरत नाही, कोणाची पिल्ले उपाशी निजतात, हे तिला तोंडपाठ होते.

एकदा न्यायसभेने ‘क्षुधाधिकारी’ हे पद काढले. निवड करायला तीन बगळे बसले होते.

“भुकेचा अभ्यास कोठे केलात?” थोरल्या बगळ्याने विचारले.

“ओढ्याकाठी.”

“तेथे विद्यापीठ आहे?”

“नाही. भूक आहे.”

बगळ्यांनी माना जवळ आणून बराच विचार केला. बाकीच्या उमेदवारांपैकी एकालाही ओढा कोणत्या दिशेला आहे हे सांगता आले नव्हते. सगुणेला पदाचा तांबडा पट्टा मिळाला.

तिने पहिली तक्रार आणली ती म्हाताऱ्या साळिंदरीची, मथुराक्काची. मथुराक्का तोंड उघडणार, तोच तिचे पोट बोलले. रेड्यांनी तिला उचलले. पुढच्या तारखेला सगुणेने तिला आधी वाडगाभर आंबील पाजली. न्यायाधीश अस्वलाने तिला न्याहाळले. “आजीबाई, तुम्ही तर जेवून आलात. मग तक्रार कसली?”

परतताना मथुराक्का म्हणाली, “सगुणे, आता मला नेऊ नकोस गं. माझ्या वाटची आंबील त्या पिल्लांना घाल.”

तिसऱ्या तारखेला तिच्यात उठायचेही बळ नव्हते. सगुणा एकटीच सभेत उभी राहिली.

“साक्ष मी देणार.”

“पुरावा?” अस्वलाने विचारले.

“अकरा वर्षांचा.”

अधिकाऱ्याची साक्ष मध्येच तोडता येत नसे. सगुणा एकेका बिळाबद्दल सांगू लागली. मथुराक्काला दात नाहीत, म्हणून तिला नाचणीची आंबील. तीत ताक, वर ठेचलेला लसूण. घोरपडीला निखाऱ्यावर भाजलेला सुरण, चिंच लावून. उदमांजराच्या पिल्लांना फणसाच्या आठळ्या, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या. जेवणाची वेळ झाली, टळली. ती अठ्ठाविसाव्या बिळापाशी आली, तेव्हा सभेत असा गडगडाट झाला की बगळे दचकून उडाले.

सगळ्यांनी अस्वलाकडे पाहिले. अस्वलाने छताकडे पाहिले.

रेड्यांना कायद्याचा अर्थ ठाऊक नव्हता. कायदा ठाऊक होता. त्यांनी न्यायाधीशाला झग्यासकट उचलले आणि पायऱ्यांवर नेऊन ठेवले.

पायऱ्यांवर बाहेर काढलेल्यांची, हाती द्रोणासाठी पाने घेऊन, सगुणेच्या आंबिलीच्या हंड्यापुढे रांग होती. सगुणा मागोमाग आली. घोरपडीच्या हाती मथुराक्कासाठी झाकलेला वाडगा धाडून तिने हंड्यात डाव घातला. अस्वल काही वेळ ताठ उभे राहिले. मग हळूहळू रांगेच्या टोकाशी गेले. त्याची पाळी आली तेव्हा सगुणेने इतरांना विचारले तेच त्यालाही विचारले.

“पान आणलंत?”

अस्वलाने झगा चाचपला. आत त्या दिवशीचे निकालपत्र निघाले, सकाळीच लिहून ठेवलेले. त्याने त्याचा ओबडधोबड द्रोण वळला आणि दोन्ही पंजांत धरून पुढे केला. गरम आंबील पडताच तळाशी लिहिलेला ‘तक्रार फेटाळली’ ही अक्षरे फुगली, पसरली, आंबिलीत मिसळून गेली. आणि अस्वलाने द्रोण तोंडाला लावला.